गाडी उभी असताना इंजिनातून लयीत येणारा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी उभी, इंजिन चालू, एक्सलेटरवरून पाय काढलेला, आणि बॉनेटखालून ठरावीक तालात धडधड, टकटक किंवा घूं-घूं ऐकू येते. या आवाजाबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल: पार्ट बदलण्याआधी आवाजाचा ताल ओळखा. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग), माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ती रबरं) असं अंदाजाने बदलत गेलं की खर्च वाढत जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. बघवत नाही अशी ही उधळपट्टी आहे, आणि ती टाळता येते.

१. आवाज लयीत येतोय एवढं कळतंय. शोधायला सुरुवात कुठून करू?

ठोके मोजण्यापासून. गरम इंजिनाचा आयडल, म्हणजे रेस न देता ते फिरतं तो वेग, बहुतेक गाड्यांमध्ये ६५० ते ९०० आरपीएमच्या (मिनिटाला इतक्या फेऱ्या) दरम्यान असतो. आपण ७५० धरू. म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला साडेबारा फेरे मारतो आणि कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे, सव्वासहा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चारही मिळून सेकंदाला २५ स्फोट झाले. इतक्या भराभर येणारे ठोके कानाला सलग गुरगुरीसारखे वाटतात. त्यातला एक सिलिंडर पेटेनासा झाला, की सेकंदाला सहा वेळा खंड पडतो. तो ऐकू तर येतोच, सीटलाही जाणवतो.

म्हणून सेकंदाला सहाच्या आसपास ठोके असतील तर संशय एकाच सिलिंडरवर जातो: त्याचा प्लग, इंजेक्टर, वॉल्व्ह किंवा तिथली एक्झॉस्टची गळती. बारा-तेरा ठोके असतील तर क्रँकवर थेट बसवलेली वस्तू बघायची, म्हणजे पुढची पुली किंवा मागचं फ्लायव्हील. आणि आवाज एक-दोन सेकंदांनी एकदा उसळत असेल, तर इंजिनाचा कुठलाच भाग इतका सावकाश फिरत नाही हे लक्षात घ्या. तिथे काहीतरी चालू-बंद होतंय किंवा आरपीएमच वर-खाली होतोय (प्रश्न ८ आणि ११ पाहा).

सहा ठोके कानाने मोजणं अवघड जातं. फोनवर व्हिडिओ काढा आणि पाव वेगाने वाजवा, मग सहज मोजता येतात.

२. यातले कुठले आवाज नॉर्मल असतात?

बरेच. इंजेक्टरची बारीक टिकटिक सगळ्या पेट्रोल गाड्यांत असते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हाय प्रेशर पंपाची टकटक इतकी ठळक असते, की नवीन गाडी घेणारे घाबरतात. इंजिन गरम झाल्यावर टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात ओढणारा पर्ज वॉल्व्ह टिक-टिक-टिक वाजतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. त्याचा कनेक्टर काढल्यावर आवाज थांबला तर तोच होता, कनेक्टर परत लावून टाका. मात्र पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल आणि आयडलही खडबडीत असेल, तर पर्ज वॉल्व्ह उघडा अडकल्याची शक्यता आहे. तो दोष आहे.

थंड इंजिन सुरू केल्यावर आरपीएम १२०० ते १५०० पर्यंत राहणं आणि आवाज भरडा असणं हेही ठीक. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) लवकर तापावा म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर तसं मुद्दाम करतो.

३. अशा आवाजासकट गाडी चालवत राहू का?

चार परिस्थितींत नाही. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नेऊ नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिस (सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटणं) इतका जोरात आहे, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय. रेस दिल्यावर खोलवरून ठक-ठक वाढत असेल तर प्रश्न १५ वाचेपर्यंत गाडी हलवू नका. आणि पेट्रोलचा वास किंवा केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर टो करून न्या. एक्झॉस्टच्या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला स्वतःला रंगही नसतो, वासही नसतो. गाडीत बसल्यावर डोकं जड होतंय, मळमळतंय असं जाणवलं तर काचा उघडून बाहेर पडा.

बाकीच्या बहुतेक आवाजांसाठी एक-दोन दिवसांत गाडी दाखवणं पुरे.

४. बॉनेट उघडून स्वतः बघायचं आहे. काय सांभाळू?

मोकळ्या हवेत उभं राहा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही. हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. ओढणी, सैल बाह्या, लांब केस, गळ्यातली साखळी बांधून किंवा काढून ठेवा. रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं त्याच्या पात्यांजवळ नेऊ नका. चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची वायर उपटून बघायची जुनी सवय सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, माणसाला धक्का बसतो आणि कॉइलही जाते. एअर लीक शोधायला तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारू नका, भडका उडतो.

५. आवाज नक्की कुठून येतोय हे कसं ओळखायचं? बॉनेट उघडलं की सगळीकडूनच येतो.

धातूतून आवाज दूरवर पोचतो, त्यामुळे नुसत्या कानाने जागा चुकते. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवा आणि मुठीच्या बाजूला कान लावा. हेडवर, ऑइल पॅनवर, अल्टरनेटरच्या बॉडीवर असं एकेक ठिकाण तपासा. आवाज जिथे सगळ्यात स्पष्ट आणि कडक लागतो तिथे दोष जवळ असतो.

हवेची फुसफुस आणि एक्झॉस्टची फटफट मात्र स्क्रूड्रायव्हरने पकडता येत नाही. त्यासाठी मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं टोक जोडांवरून, गॅस्केटवरून सावकाश फिरवा. गळतीपाशी आल्यावर आवाज एकदम मोठा होतो.

६. सायलेन्सरमधून फट... फट... असा खंडित आवाज येतो आणि अख्खी गाडी हलते. काय असेल?

गाडी मिस मारतेय. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिनात ती एकसारखी बाहेर फडफडते. मिसमध्ये तिला ठरावीक वेळाने झटका बसतो. ती मधूनमधून आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट बसत नसल्याचाही संशय घ्यायला हवा.

पुढचा टप्पा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. पी०३०० म्हणजे मिस वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये आहे. पी०३०१, पी०३०२ अशा कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा दोन नंबरचा कोड आला. इंजिन बंद करून त्याची कॉइल तीन नंबरला लावा आणि तीनची दोनला. कोड तीनवर गेला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर हाच खेळ प्लगबरोबर करा, मग इंजेक्टर तपासा. सगळं ठीक निघालं तरी मिस आहेच, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजायला सांगा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला तर दोष वॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. प्लग-कॉइलवर आणखी पैसे घालू नका.

प्लग नीट आवळलेला नसेल तर तिथून कॉम्प्रेशन निसटतं आणि फस-फस असा आवाज येतो. प्लग बदलून आणल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

७. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. म्हणजे मिस नाही असं समजू का?

समजू नका. मिसचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेलं तरच कॉम्प्युटर दिवा लावतो. आयडलला अधूनमधून एखादा ठोका चुकत असेल तर दिवा शांत राहतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिस काउंट चालू इंजिनावर बघता येतो. कोड नाहीत म्हणून मेकॅनिकने स्कॅनर बंद केला तर हा आकडा दाखवायला आवर्जून सांगा.

८. आवाज घूं... घूं... असा वर-खाली होतो आणि आरपीएमचा काटाही डुलतो. हे काय?

याला हंटिंग म्हणतात. कॉम्प्युटर आयडल धरू बघतो, हवा अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी मिळते, तो दुरुस्ती करतो, ती जास्त होते, मग उलटी दुरुस्ती करतो. आवाजाचा ताल म्हणजे या दुरुस्त्यांचा ताल.

कारणं मुख्यतः दोन. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, कार्बन साचून हवेची फट अरुंद झालेली असते, किंवा थ्रॉटलनंतर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असते. दुसऱ्या प्रकारात फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि ब्रेक बूस्टर हे नेहमीचे संशयित. ब्रेक दाबून धरल्यावर पायापाशी फुसफुस आली आणि आयडल बदलला तर बूस्टरचा पडदा फाटला असू शकतो. हे लांबवू नका, ब्रेक कडक होऊन गाडी थांबायला जास्त जोर लागतो.

एअर लीक पक्का करायला स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला ट्रिम अधिक २० टक्के किंवा त्याहून वर, आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर, असं दिसलं तर लीक आहे. आयडलला इंजिन एकूणच थोडी हवा ओढतं, त्यात लीकचा वाटा मोठा पडतो. रेस दिल्यावर तेवढाच लीक किरकोळ ठरतो. एक अपवाद आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो: काही गाड्या हवेचा प्रवाह मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे लीकची हवासुद्धा हिशोबात धरली जाते. ट्रिम जवळपास ठीक दिसतो आणि आयडलच उंच राहतो. आधी आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे ते बघा, मग ट्रिमवर भरवसा ठेवा. लीकची नेमकी जागा स्मोक मशीनने सापडते.

९. ऑइल भरायचं झाकण काढलं की आवाज एकदम बदलतो. हा कसला दोष?

क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातल्या) वाफा इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्ही वॉल्व्हचा पडदा फाटला की शिट्टीसारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो. झाकण उघडल्यावर किंवा डिपस्टिक उचलल्यावर आतला व्हॅक्यूम सुटतो आणि आवाज थांबतो. झाकण हाताला चांगलंच ओढून धरलेलं वाटलं तर खूण आणखी पक्की. हासुद्धा एक प्रकारे एअर लीकच आहे, म्हणून आयडल डुलणं आणि ट्रिम वाढणं बरोबर येऊ शकतं. नुसतं झाकण काढल्यावर आयडल किंचित बदलणं मात्र अनेक गाड्यांत स्वाभाविक आहे. त्यावरून पार्ट बदलू नका.

१०. सकाळी थंड इंजिनावर टिक-टिक येते, दहा मिनिटांत जाते. दुर्लक्ष केलं तर चालेल?

कशाची टिकटिक आहे त्यावर अवलंबून आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला असेल किंवा गॅस्केट जळालं असेल तर थंडपणी फट उघडी असते, धातू तापून फुगला की ती मिटते. हा टॅपेटसारखाच (वॉल्व्ह उघडणाऱ्या हेडमधल्या भागांसारखाच) वाजतो. जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसतोय का बघा. ही गळती दिसायला छोटी असली तरी सोडू नका. वायू केबिनमध्ये येण्याचा धोका आहेच, शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असं चुकीचं सांगतो.

हायड्रॉलिक टॅपेट सुरुवातीच्या काही सेकंदांत वाजून गप्प होत असतील तर ऑइलची पातळी आणि ग्रेड तपासा. सुरू करताक्षणी चेन घासल्यासारखी खरखर येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर बघून घ्या. तो हयगय करण्यासारखा भाग नाही.

११. एसी लावला की टक... घर्रर्र... टक... असं चालू-बंद होत राहतं.

कॉम्प्रेसरचा क्लच पकडतो आणि सोडतो तो हा आवाज. दर काही सेकंदांनी होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. दाब पडतो, स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब चढला की पुन्हा चालू. नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी गळती शोधायला सांगा. बऱ्याच नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो, तिथे ही टक येणारच नाही. आवाज ब्लोअरचा वेग बदलल्यावर बदलत असेल तर इंजिनाचा काही संबंध नाही, ब्लोअरमध्ये पान किंवा कागद अडकला आहे.

१२. क्लच दाबला की आवाज थांबतो. काहींचा उलटा, दाबल्यावरच येतो. फरक काय?

मोठा फरक आहे. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग किंवा क्लच-फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगांची ढिलाई बघायची. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. एक दुर्मीळ पण महागडा अपवाद: क्लच दाबल्यावर इंजिनातूनच ठोका बदलत असेल तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग झिजलेलं असू शकतं. क्लच दाबल्याने क्रँक लांबीच्या दिशेने ढकलला जातो, म्हणून हा फरक पडतो.

१३. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये ब्रेकवर उभी असताना धडधडते, एनमध्ये टाकली की शांत.

डीमध्ये इंजिनावर भार येतो आणि ते माउंटिंगवर कलतं. रबर फाटलं असेल किंवा हायड्रॉलिक माउंटिंगमधलं द्रव गळून गेलं असेल तर प्रत्येक ठोका बॉडीत उतरतो. बॉनेट उघडा, आत बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर असं आलटून पालटून टाकावं. इंजिन एका बाजूने उचललं जात असेल तर त्या बाजूचं माउंटिंग गेलं. बघताना गाडीच्या बाजूला उभे राहा, पुढे किंवा मागे कधीही नाही.

माउंटिंग बदलण्याआधी मिस नाही याची खात्री करा (प्रश्न ६). मिस मारणारं इंजिन नव्या माउंटिंगवरही हलतंच. आणि आवाज धडधड नसून इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून येणारी धातूची ठकठक असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरला जोडणारी फ्लेक्स प्लेट तडकली आहे का, तिचे बोल्ट सैल आहेत का, ते बघायला सांगा. हा आवाज हुबेहूब इंजिनाच्या बेअरिंगसारखा वाटतो आणि चांगली इंजिनं त्यामुळे विनाकारण उघडली जातात.

१४. बेल्टच्या बाजूने चिर्र-चिर्र येते. बेल्ट बदलू की बेअरिंग?

बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. काहीच फरक नाही तर बेअरिंगकडे वळा. बेल्टचाही स्वतःचा ताल असतो. दोनेक मीटर लांबीचा बेल्ट आयडलला सेकंदाला साधारण तीन फेऱ्या मारतो, त्यामुळे एकाच जागी फाटलेला बेल्ट तेवढ्याच वेळा चट्-चट् करतो.

हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर एकदम लावल्यावर घूं वाढली तर अल्टरनेटर. स्टिअरिंग वळवल्यावर वाढली आणि गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप किंवा कमी झालेलं ऑइल. खात्रीची चाचणी म्हणजे इंजिन बंद करून बेल्ट काढायचा आणि अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही, इंजिन चालवायचं. वॉटर पंपही बहुधा त्याच बेल्टवर असतो, म्हणून वेळेची मर्यादा पाळा.

१५. टॅपेटचा आवाज आणि कनेक्टिंग रॉडचा आवाज यांत फरक कसा करायचा?

टॅपेट वरून, हेडमधून, कॅमच्या तालावर आणि बारीक वाजतो. रॉडचं बेअरिंग खालून, जड, ठक-ठक असं वाजतं. थोडी रेस देऊन सोडताना ते जास्त स्पष्ट होतं आणि ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढतं. मेकॅनिककडून एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून घ्या. एखादा बंद केल्यावर ठोका लक्षणीय कमी झाला तर भार घेणारा त्याच सिलिंडरचा भाग दोषी आहे. ऑइल गाळून घ्या आणि फिल्टर कापून बघा. चकाकणारे धातूचे कण दिसले तर निर्णय झाला, इंजिन उघडायला लागेल. जाड ऑइल घालून आवाज दाबायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका.

१६. डिझेल गाडीला हेच सगळं लागू आहे का?

बरंचसं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून संशय आधी नोझलवर जातो. नोझलखालचं तांब्याचं वॉशर खराब झालं की फस-फस आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. तो थर जितका जुना, तितकं नोझल बाहेर काढणं कठीण, म्हणून लवकर हात घाला. एखादं नोझल जास्त डिझेल परत पाठवत असेल तर रिटर्नची मोजणी करून कळतं. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची इंजेक्शन दुरुस्तीही दिसते. ज्याचा आकडा बाकीच्यांपासून फार दूर, तिथून सुरुवात करा.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, १५०० बारच्या वर दाब जातो. चालू इंजिनावर हाय प्रेशरचा नट सैल करायचा नाही आणि गळती हाताने चाचपायची नाही. ती बारीक धार कातडीतून आत घुसते.

१७. आवाज पुढून नाही, मागच्या सीटखालून येतो.

टाकीतल्या पंपाची हलकी गुणगुण चालते. ती अचानक मोठी झाली असेल तर पंप थकला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. सायलेन्सरचं हँगर रबर तुटलं किंवा हीट शील्डचा बोल्ट गंजून गेला, तर आयडलच्या एका ठरावीक आरपीएमलाच खडखड येते आणि शंभरेक आरपीएम वाढवल्यावर जाते. एक्झॉस्ट थंड असताना हाताने हलवून बघा, लगेच सापडतं.

१८. सर्व्हिसिंग करून आणली आणि आवाज सुरू झाला.

मग जिथे हात लागला तिथूनच बघा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, काढून परत न बसवलेला व्हॅक्यूम पाइप, सैल प्लग, गाडीखालचं न आवळलेलं कव्हर. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर बऱ्याच गाड्यांना आयडल नव्याने शिकवावा लागतो, तोवर हंटिंग होतं. टायमिंग बेल्ट बदलला असेल आणि सलग हूं-हूं येत असेल तर तो जास्त ताणलेला असू शकतो. आयडल खडबडीत आणि ताकदही कमी, तर एक दाता चुकला आहे का ते तपासून घ्या.

१९. माझी गाडी तीन सिलिंडरची आहे. ती मुळातच धडधडते, मग दोष कसा ओळखू?

तीन सिलिंडरमध्ये ७५० आरपीएमला सेकंदाला पावणेएकोणीस स्फोट होतात, चार सिलिंडरपेक्षा ठोके विरळ, त्यामुळे थोडी धडधड राहणारच. बघायचं ते एवढंच, की ती एकसारखी आहे की मधूनच चुकते. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून दोन्ही गरम इंजिनं ऐका. यापेक्षा चांगलं मोजमाप नाही.

२०. मेकॅनिककडे नेली की आवाज येतच नाही.

रेकॉर्डिंग न्या. कॉलच्या वेळी फोन पार्श्वभूमीचा आवाज गाळतो, म्हणून फोनवरून ऐकवू नका, व्हिडिओ काढा आणि त्यात आरपीएमचा काटा दिसू द्या. सोबत एवढं सांगा: इंजिन थंड होतं की गरम, गिअर कुठला, एसी चालू होता का, रेस दिल्यावर ताल वाढला का, क्लच किंवा ब्रेक दाबल्यावर काय झालं. आवाज थंडपणीच येत असेल तर गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तिथे हजर राहा.

२१. आरपीएम स्थिर आहे, मिस नाही, एसीचा क्लच वाजत नाही, तरी दर सेकंदाला आवाज वां... वां... असा मोठा-लहान होतो. कुणालाच सापडत नाही.

हा एका भागाचा आवाज नसण्याची शक्यता आहे. जवळजवळ सारख्या वेगाने फिरणाऱ्या दोन वस्तू असतील तर त्यांचे आवाज कधी एकमेकांत मिसळून वाढतात, कधी एकमेकांना मारतात. रेडिएटरचे दोन फॅन, एक सेकंदाला ४० फेरे आणि दुसरा ४१, तर सेकंदाला एकदा असा हेलकावा येतो. दोन्ही फॅन चांगले असतील तरी येतो, म्हणून पार्ट बदलून काही हाती लागत नाही. एसी बंद करा आणि फॅन थांबेपर्यंत वाट बघा. हेलकावा गेला तर कारण तेच. मग पात्यांवरची माती साफ करायची, फॅनच्या चौकटीची रबरं आणि बोल्ट घट्ट आहेत ना ते बघायचं, म्हणजे आवाज बॉडीत उतरत नाही. फॅन थांबूनही हेलकावा राहिला तर बेल्टवरच्या वस्तूंकडे वळा, प्रश्न १४ मधल्या बेल्ट काढण्याच्या चाचणीने ते अर्ध्या मिनिटात कळतं.